सही करण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी दुखण्याखुपण्याच्या गोष्टी कशाला, असे कुणी म्हणेल. पण गेल्या वर्षी आमच्या घरी जे घडले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझ्या धाकट्या जावेला कर्करोग झाला. इस्पितळात तिला एका नव्या ‘नॅनो’ औषधाच्या चाचणीत भाग घेण्याविषयी विचारले. आपल्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर. या औषधाचे कण शंभराच्या आसपास! कागद इंग्रजीत होता. भावोजी सही करायला निघाले, तशी जाऊ म्हणाली, “औषध माझ्या अंगात जायचं, आणि सही तुमची?”

मग आम्ही डॉक्टरांना सविस्तर विचारले. अमेरिकेत १९९५ साली अशाच एका औषधाला मान्यता मिळाली. डॉक्सोरुबिसिन हे जुनेच औषध स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म फुग्यांत भरलेले. त्यामुळे हृदयाला होणारी इजा कमी झाली. पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलवटण्याचा त्रास वाढला. औषध तेच, पण कण बदलला की त्याची शरीरातली वाट बदलते. म्हणून जुन्याच्या भरवशावर नव्याला निर्धोक म्हणता येत नाही. डॉक्टरांना हाताची आग किरकोळ वाटेल. भाकऱ्या थापणारीला ती किरकोळ नाही!

भगिनींनो, संशोधन नको असे मी म्हणत नाही. कुणीतरी चाचणीत भाग घेतला, म्हणून तर आपल्याला औषधे मिळाली. पण संमती म्हणजे नुसती सही नव्हे. आपल्या देशाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे, चाचणीतून केव्हाही बाहेर पडता आले पाहिजे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार व भरपाई मिळाली पाहिजे. चाचणीला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत निदान एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक असावा लागतो. ती जागा आपल्यापैकी कुणी का घेऊ नये?

जावेने मराठी कागद मागून घेतला, दोन दिवस वाचला आणि मग स्वतःच्या हाताने सही केली. पुढे तळहात झोंबू लागले तेव्हा ती घाबरली नाही. त्याच दिवशी इस्पितळात कळवले, आणि पुढचा डोस लांबवण्यात आला.

सही करण्यापूर्वी विचारा, एवढेच माझे मागणे.