कडुनिंबही वनस्पतीच



मघाशी कोळंबी उत्पादकांच्या या संमेलनात बाहेरच्या दालनांतून एक फेरी मारली. लसूण, हळद, ओवा, दालचिनी, भुईआवळी! एखादा नवखा माणूस आयुर्वेदाच्या संमेलनात आल्याचे समजून परत गेला असता. खाद्यपूरकांच्या बहुतेक पाकिटांवर हिरवे पान आहे आणि पानाखाली भरवसा आहे: शंभर टक्के नैसर्गिक, म्हणून निर्धोक. माझा आक्षेप त्या 'म्हणून'ला आहे.

तलावात बीज सोडण्याआधी नको असलेले मासे मारायला आपण मोहाची पेंड टाकतो. त्यातले सॅपोनिन माशाच्या कल्ल्यांवर घाव घालते. मोह वनस्पतीच आहे. चहाच्या बियांची पेंड काही ठिकाणी कोळंबी तलावात असतानाही वापरतात, कारण माशाला मारणारी मात्रा कोळंबी सोसते. कडुनिंबाची गोष्ट याहून बोलकी. त्यातले अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत बिघाड करते. आपली कोळंबीही कात टाकूनच वाढते आणि तिची ती संप्रेरके किडीच्याच जातकुळीची आहेत. तेव्हा निंबाचा अर्क खाद्यात मिसळा असे कोणी सांगितले, तर हात आखडता घ्या. वनस्पतीजन्य पूरक म्हणजे मात्रा असलेले द्रव्य. मात्रा आली की उपाय आणि अपाय दोन्ही आले.

या वाटेला आपण का वळलो, ते येथे सर्वांना ठाऊक आहे. 1994-95च्या सुमारास व्हाइट स्पॉट रोगाने टायगर कोळंबीचे तलावच्या तलाव रिकामे केले. 2009मध्ये व्हेनामी कोळंबीला परवानगी मिळाली, घनता वाढली, उत्पादन वाढले आणि त्याबरोबर व्हिब्रिओ जिवाणूही वाढला. काहींनी प्रतिजैविकांचा आधार घेतला. क्लोरँफेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानचे अवशेष सापडले म्हणून निर्यातीचे माल परत आले. तो रस्ता बंद झाला, हे बरेच झाले. मात्र रस्ता बदलताना मन बदलले नाही. रोग दिसला की काहीतरी टाकायचे, ही सवय तशीच राहिली. बाटलीवरचे लेबल तेवढे हिरवे झाले.

आजारी कोळंबी खात नाही. चेक ट्रेमध्ये खाद्य उरू लागते, ती बहुधा पहिली खूण असते. जी खातच नाही तिला खाद्यातून औषध कसे पोचणार? ते पोचते निरोगी कोळंबीला आणि तलावाच्या तळाला. म्हणून या पूरकांची जागा रोगाच्या अलीकडे आहे, आतड्यात आणि यकृत-स्वादुपिंडात, जेथे व्हिब्रिओ ठाण मांडण्याच्या बेतात असतो. ओव्यातले थायमॉल आणि ओरेगॅनोतले कार्व्हाक्रॉल जिवाणूच्या पेशीचे आवरण सच्छिद्र करतात. दालचिनीतले सिनामाल्डिहाइड तर वेगळीच करामत करते: व्हिब्रिओ जमावाने हल्ला करण्यापूर्वी एकमेकांना जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांत ते अडथळा आणते. हे प्रयोगशाळेत दिसले आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते. कोळंबीला आपल्यासारखी प्रतिपिंडे नाहीत, त्यामुळे कोंबडीसारखी लस टोचून मोकळे होण्याची सोय येथे नाही. तिचा भरवसा तिच्या रक्तपेशींवर. ईएचपी हा परजीवी तर पेशीच्या आत लपतो. त्यावर वनौषधीचा हमखास उतारा विकणाऱ्याला मी तरी खुर्ची देणार नाही.

प्रयोगशाळेतून तलावात उतरताना काय होते? लसूण घ्या. पाकळी ठेचली की त्यातले दोन घटक एकत्र येतात आणि तेव्हाच अ‍ॅलिसिन तयार होते. पाकळी अख्खी उकळली तर ते घडवणारे विकर उष्णतेने आधीच निकामी होते. सुगंधी तेले उडून जाणारी. खाद्याच्या कारखान्यात वाफेच्या तापमानात त्यांतला बराच भाग हवेत जातो. म्हणून कंपन्या तेलाला सूक्ष्म कवच देतात आणि किंमत वाढते. हळदीतले कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि शरीरात नीट शोषलेही जात नाही. उलट जे पाण्यात सहज विरघळते, ते कोळंबीच्या तोंडी लागण्याआधी निघून जाते, कारण कोळंबी दाणा पायांत धरून सावकाश कुरतडते. खाद्यावर बाइंडर लावून वीस मिनिटे सावलीत न वाळवता जो पूरक टाकतो, तो तलावाला काढा पाजतो.

आणि पुरावा? पीक चांगले आले की श्रेय पूरकाला, पीक बुडाले की दोष बीजाला किंवा पावसाला, हा आपला हिशोब. एका तलावात टाकले, शेजारच्यात नाही, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. शेजारशेजारचे दोन तलाव सख्ख्या भावांइतके निराळे असतात. माझी सूचना साधी आहे. दरेक खाडीकाठच्या उत्पादकांनी मिळून काही तलाव पूरकासह आणि तितकेच पूरकाविना ठेवावेत. बीज एकाच हॅचरीचे, सोडण्याचा दिवस एक, मूळ खाद्य एक. वजन घेणाऱ्याला कोणता तलाव कोणता हे सांगू नये. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी यापेक्षा चांगला विषय कोणता मिळणार? आणि निकाल नकारार्थी आला तरी तो छापला जावा. मला तर तोच आधी वाचायचा आहे.

जेवणानंतर कंपन्यांची सादरीकरणे आहेत. सक्रिय घटक नेमका किती, प्रत्येक बॅचमध्ये तेवढाच असतो का, दाण्यातून तासाभरात किती पाण्यात जातो आणि चाचणीत पूरक न दिलेले तलाव किती होते, हे विचारायला संकोचू नका. पाकिटात प्रतिजैविक मिसळलेले नाही याचा तपासणी अहवालही मागा. वक्त्यांची वेळ संपल्याची घंटा अध्यक्षाच्या हाती असते. प्रश्न चालू असतील, तर ती मी जरा उशिरा वाजवीन.