बांधावरचा तरवड खणू नका



नवरात्रात आपण घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ घालतो आणि उन्हाळ्यात बांध साफ करताना तेच झुडूप मुळासकट खणून काढतो. मग जोराच्या पावसात बांध फुटतो आणि माती ओढ्याला जाते. धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या उतारावरील हलक्या, मुरमाड जमिनीत मातीचा थर मुळातच पातळ. गेलेला थर आपल्या हयातीत भरून येत नाही.

तरवड हे आपल्याकडचे मूळचे झुडूप. ते पाण्याचा ताण सोसते आणि मुळांनी माती धरून ठेवते. जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखण लागत नाही. सालीत टॅनिन असल्याने ती पूर्वापार कातडी कमावण्यास वापरतात.

लागवड सोपी आहे. पक्व शेंगांचे बी जमा करावे. त्याचे कवच टणक असते. म्हणून उकळलेले पाणी विस्तवावरून उतरवून त्यात बी टाकावे व रात्रभर ठेवावे. मृगाच्या ओलीवर बांधावर एका ओळीत, दोन-दोन फुटांवर तीन-चार बिया टोकाव्यात. पहिल्या वर्षी रोपांभोवतीचे गवत काढावे.

एक गैरसमज मात्र नको. तरवड शेंगवर्गीय असला तरी तुरीप्रमाणे त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. त्याचा कोवळा पाला शेतात गाडल्यास सेंद्रिय खत जरूर मिळते. पण पिकांच्या फेरपालटीत तूर, मूग, उडीद हवेतच.

तेव्हा यंदा बांधावर कुदळ नको, कोयता चालवा. तरवड छाटा, खणू नका.