सात वर्षांची शिक्षा

लबाड मनुष्यास 'चारशेवीस' म्हणण्याची रीत १८६० च्या हिंदी पिनल कोडांतील फसवणुकीच्या कलमावरून पडली. त्या कलमांत कैदेची कमाल मुदत सात वर्षें होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्यायसंहिता अमलांत आली, कलमाचा आंकडा बदलला. सात वर्षें मात्र तशींच राहिलीं. सहा नाहींत, आठ नाहींत, सातच कां?

याचें मूळ इंग्लंडांत आहे. तेथें एके काळीं मोठ्या गुन्ह्यास फांशी आणि लहानास फटके किंवा डाग, अशी स्थिति होती; दीर्घ कैदेची फारशी चाल नव्हती. १७१८ सालीं अमलांत आलेल्या कायद्यानें मधली वाट काढली. साध्या चोरीबद्दल सात वर्षें समुद्रापार हद्दपारी, आणि फांशींतून राजाच्या दयेनें सुटलेल्यास बहुधा चौदा. अपराध्यांना अमेरिकेंतील वसाहतींत नेणारा कंत्राटदार त्या मुदतीपुरता त्यांच्या श्रमाचा धनी होई व मळेवाल्यांना तो विकी. विकत घेणारा गुन्हा कसा घडला हें कशाला विचारील? गडी किती वर्षें मिळणार, एवढेंच तो पाही. आणि चाकरीच्या मुदतीचें माप त्या देशांत पूर्वींच ठरलेलें होतें. १५६३ च्या कायद्याप्रमाणें धंदा शिकणाऱ्या उमेदवारास धन्याकडे निदान सात वर्षें काढावीं लागत. तेंच माप अपराध्यास लावलें गेलें असावें. चौदा ही त्याची दुप्पट.

१८५३ सालीं बऱ्याच हद्दपाऱ्यांच्या जागीं स्वदेशांतील सक्तमजुरी आली. तेव्हां पार्लमेंटानें सात वर्षांच्या हद्दपारीबद्दल चार वर्षांची मजुरी पुरेशी मानली. हा हिशेब अधिक माणुसकीचा होता. पण तो टिकला नाहीं. १८५७ च्या कायद्यानें मजुरीची मुदत पुन्हां हद्दपारीइतकी केली. चांगल्या वर्तनाबद्दल सूट मिळे खरी, तरी जहाज बंद झालें आणि जहाजाचे आंकडे तुरुंगांत येऊन बसले. तीनच वर्षांनीं हिंदी पिनल कोड मंजूर झाला.

पुढें १८९५ सालीं फ्रान्सिस गॉल्टन या शास्त्रज्ञानें इंग्लंडांतील शिक्षांचे आंकडे तपासले. पांच वर्षांच्या शिक्षा पुष्कळ, सातच्याही बऱ्याच, सहाच्या मात्र अगदीं थोड्या. महिन्यांतही अठरा वारंवार, सतरा क्वचितच. गुन्ह्यांत अशी पोकळी असणें शक्य नव्हतें. ती न्यायाधीशांच्या तोंडीं बसलेल्या आंकड्यांत होती, आणि तिच्यापायीं एखादा कैदी वर्षभर अधिक कोठडींत राही. अशा न्यायपद्धतीस न्याय्य म्हणतां येत नाहीं, असें गॉल्टननें 'नेचर' साप्ताहिकांत लिहिलें.