दारिद्र्याचे मोजमाप



गरीब कोणास म्हणावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. 1876 साली दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, तेव्हा त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च प्रमाण धरला आणि दरडोई उत्पन्न त्याच्याशी ताडून पाहिले. पुढे 1971 मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी दररोज 2250 उष्मांकांचा आहार ही कसोटी मानली. 1960-61 च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा 15 रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये दरडोई खर्च, ही त्यांची किमान मर्यादा होती.

जगाच्या व्यासपीठावर 1990 साली जागतिक बँकेने दिवसाला एक डॉलरची रेषा आखली. हा डॉलर सराफ्यातला नव्हे, क्रयशक्तीचा. जून 2025 मध्ये ती रेषा तीन डॉलरांवर आली आणि जगातील अतिगरिबांच्या संख्येत सुमारे साडेबारा कोटींची भर पडली. त्या माणसांच्या चुलीवर मात्र त्या दिवशी काहीच बदलले नव्हते! रेषा आवश्यक असते; परंतु रेषा म्हणजे दारिद्र्य नव्हे.

म्हणूनच 2010 पासून आरोग्य, शिक्षण व राहणीमान यांच्या दहा निकषांवर बहुआयामी दारिद्र्य मोजले जाऊ लागले. त्यांतील एक निकष आपण देवासकरांनी विशेष लक्षात घ्यावा : पिण्यायोग्य पाणी जाऊन-येऊन अर्ध्या तासाच्या आत मिळते काय?

ज्या नगरीत देशाच्या चलनी नोटा छापल्या जातात, त्याच नगरीला 1990 साली आगगाडीने पाणी आणावे लागले. पदोपदी पाणी असल्याची ख्याती मिरविणाऱ्या माळव्यात हे घडले. तळी उपेक्षिली गेली, नलकूप खोल खोल जात राहिले आणि प्रत्येक नव्या नलकूपाबरोबर शेतकऱ्याचे कर्जही खोल गेले. 2006 पासून जिल्ह्यात शेततळ्यांची मोहीम सुरू झाली आणि अनेक शेतांत पुन्हा पाणी दिसू लागले. हे यश मोठेच आहे. तथापि शेततळ्यासाठी आधी शेत लागते. प्रारंभही मोठ्या शेतकऱ्यांपासूनच झाला. ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याच्या घागरीपर्यंत ते पाणी कितपत पोहोचले, हे विचारल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

किती जण रेषेखाली आहेत, एवढेच विचारून भागत नाही. कोणाला काय उणे आहे आणि ते आणण्यासाठी घरातील कोणाचे पाय झिजतात, हेही विचारले पाहिजे. बहुधा ते पाय घरच्या बाईचे किंवा शाळा बुडविणाऱ्या मुलीचे असतात. सरासरीच्या आकड्यात ती दिसत नाही.

या कामी ग्रंथालयाचाही वाटा आहे. गावातील बुजलेल्या विहिरी, आटलेली तळी, त्या त्या काळची मजुरी आणि धान्याचे भाव वृद्धांच्या स्मरणात अजून आहेत. ते लिहून घेऊन येथील कपाटांत ठेवावे. जगाचे दारिद्र्य समजून घेण्याची वाट अशा नोंदींतूनच जाते.