जन्मापूर्वीची इजा आणि शाळेतले मूल

(प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



प्रत्येक शाळेत एखादे तरी मूल असे असते, की ज्याच्यापुढे अनुभवी शिक्षकही हात टेकतो. सोमवारी ते बेरीज बिनचूक करून दाखवते; मंगळवारी तीच बेरीज जन्मात पाहिली नसल्यासारखे फळ्याकडे बघत राहते. सांगितलेल्या तीन कामांपैकी पहिले करते आणि उरलेली दोन विसरते. शिक्षा झाली की रडते, पुन्हा करणार नाही म्हणून सांगते आणि घटकाभराने तीच चूक करून बसते. शेजाऱ्याची पेन्सिल सहज उचलते, अनोळखी माणसाच्या मागे सहज जाते. बोलण्यात मात्र ते चुणचुणीत असते. त्यामुळे शिक्षकाची अशी समजूत होते, की याला सर्व येते. हे मुद्दाम करीत नाही. मग 'ढ', 'उनाड', 'खोटारडा' असा एखादा शेरा त्याच्या नावाला चिकटतो. तो शेरा वर्षानुवर्षे मुलाबरोबर इयत्ता चढत जातो. मूल मात्र होते तेथेच राहते.

अशा मुलांपैकी काहींच्या मेंदूला जन्मापूर्वीच इजा झालेली असते, आणि त्या इजेचे एक कारण म्हणजे गर्भावस्थेत आईच्या पोटात गेलेले मद्य. वैद्यकशास्त्रात या विकारसमूहाला 'फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर' म्हणतात. मराठीत त्यास 'गर्भमद्यजन्य विकार' म्हणता येईल.

फ्रान्समधील नान्त येथे पॉल लमॉईन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली मद्यासक्त आईबापांच्या १२७ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. १९७३ साली अमेरिकेतील सिॲटल येथे केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी अशाच लक्षणांचे स्वतंत्रपणे वर्णन करून या विकाराला नाव दिले. यातील कार्यकारणभाव समजण्यास कठीण नाही. आईच्या रक्तात उतरलेले मद्य वारेतून गर्भाच्या रक्तात पोहोचते. आईचे यकृत त्याचा निचरा करू शकते. गर्भाचे यकृत अद्याप कच्चे असते. चेहऱ्याची ठेवण पहिल्या काही आठवड्यांत घडते, परंतु मेंदू नऊही महिने घडत असतो. म्हणून या विकाराने ग्रस्त असलेल्या बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर त्याची कोणतीही खूण दिसत नाही. इजा असते ती स्मरणशक्तीला, अवधानाला, आवेग आवरण्याच्या शक्तीला आणि कृतीचा परिणाम आधी ओळखण्याच्या क्षमतेला. ताडी असो, हातभट्टीची असो, बिअर असो वा उंची विलायती मद्य असो, गर्भाच्या दृष्टीने त्यांत भेद नाही. गरोदरपणात अमुक मात्रा निर्धोक आहे असे म्हणता येईल, अशी मात्रा वैद्यकाला सापडलेली नाही. परंतु गरोदरपणात कोणत्याही महिन्यात मद्य सोडले, तरी पुढील हानी टळते, ही गोष्टही तितक्याच आवर्जून सांगितली पाहिजे.

हा प्रश्न आपल्याकडचा नव्हे, असे कोणास वाटेल. त्यासाठी मुंबई उपनगर जिल्ह्यातील गोराई गावाकडे पाहावे. एका बाजूस अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूस तिवरांनी भरलेली खाडी. बोरिवलीस जायचे तर बोटीने खाडी ओलांडावी, नाही तर उत्तन-भाईंदरवरून लांबचा वळसा घ्यावा. मासेमारी आणि भाजीपाल्याची शेती करणारे कोळी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. या किनारपट्टीवर माड आणि ताड विपुल, आणि त्यांचा रस काढणे हा जुना धंदा. ईस्ट इंडियन घरांत लग्न आणि बाप्तिस्मा अशा मंगल प्रसंगी 'खिमाड' नावाचे मसालेदार गरम मद्य पाहुण्यांस अगत्याने देण्याची रीत आहे. अलीकडच्या काही दशकांत सुट्टी घालविण्यास येणाऱ्या शहरवासीयांसाठी किनाऱ्यावर विश्रामस्थानेही उभी राहिली.

हे वर्णन कोणा समाजाला दूषण देण्यासाठी नाही. डोंगरपट्टीत मोहाची दारू आहे, शहरातील सुखवस्तू घरांत मेजवानीचे पेले आहेत. जात, धर्म वा ऐपत पाहून हा विकार येत नाही. मुद्दा वेगळाच आहे. जेथे पेला हा अगत्याचा भाग असतो, तेथे घरच्या नव्या सुनेने 'मला नको' म्हणणे सोपे नसते. त्यातच पहिले कित्येक आठवडे आपण गरोदर आहोत हे तिचे तिलाच ठाऊक नसते. पुढे ठाऊक झाले, तरी सर्दीवर ब्रँडी, अंगदुखीवर दोन घोट असे सल्ले देणारी वडीलधारी माणसे घरात असतातच. आसवे आणि अरिष्टे यांतही स्वाभाविकपणे तयार झालेले मद्य असते, ही गोष्ट फार थोड्यांस माहीत असते. गरोदर स्त्रीने तीही डॉक्टरांना किंवा वैद्यांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

आपल्या देशात मद्य घेणाऱ्या स्त्रिया थोड्या आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण १.३ टक्के आणि पुरुषांत १८.८ टक्के होते. प्रमाण अल्प आहे ही समाधानाची बाब खरी. पण त्यामुळेच ही हानी अधिक दृष्टीआड राहते. पुरुषाचे पिणे गावाला दिसते. स्त्रीचे पिणे लाजेने झाकले जाते, आणि त्याबरोबर मुलाचे दुखणेही झाकले जाते. जून २०१५ मध्ये मनोरीच्या खाडीपलीकडे, मालाडच्या मालवणी भागात, विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या अनर्थाची वार्ता देशभर गेली, खटले उभे राहिले. गर्भाला झालेल्या हानीची वार्ता होत नाही. ती सहा वर्षांनी दप्तर घेऊन शाळेत येते, आणि तिला प्रथम भेटतो तो शिक्षक.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. अभ्यासात मागे पडणारे प्रत्येक मूल या विकाराचे असते असे मुळीच नाही. कुपोषण, रक्तक्षय, आयोडीनची उणीव, कमी ऐकू येणे, अधू दृष्टी, जन्मवेळी प्राणवायू कमी पडणे अशी अनेक कारणे असू शकतात, आणि आपल्या खेड्यांत ती अधिक आढळतात. तेव्हा मुलाचा चेहरा पाहून किंवा घरची कीर्ती ऐकून शिक्षकाने निदान करू नये. निदान हे डॉक्टरांचे काम आहे. सुदैवाने शिक्षकाचे काम निदानावाचून अडत नाही. वर्गात जी मदत करावयाची, ती कारण कोणतेही असले तरी उपकारकच ठरते, आणि ती सुरू करण्यासाठी मुलाच्या आईला एकही प्रश्न विचारावा लागत नाही.

ही मदत कशी करावी? पहिली गोष्ट, एका वेळी एकच सूचना द्यावी. 'वह्या काढा, तारीख लिहा, बाराव्या पानावरचे गणित करा आणि झाले की हात वर करा' हे वाक्य इतर मुलांना एक वाटते. या मुलाला ती चार ओझी असतात. एक काम पुरे झाले, की दुसरे सांगावे. दुसरी गोष्ट, शिकवणे डोळ्यांना दिसेल आणि हाताला लागेल असे असावे. कोळ्याच्या मुलाला भरती-ओहोटी पुस्तकातून शिकवावी लागत नाही. ती रोज त्याच्या डोळ्यांसमोर घडते. या मुलाच्या डोळ्यांसमोर अंकगणितही तसेच घडले पाहिजे. टोपलीतले मासे, बोटीची तिकिटे, चिंचोके, शिंपले हीच त्याची पहिली पाटी. तिसरी गोष्ट म्हणजे क्रम. प्रार्थना, हजेरी, वाचन, गणित, खेळ हा क्रम रोज तोच असावा आणि चित्रांच्या रूपाने भिंतीवर लावावा. 'अर्ध्या तासाने' या शब्दाचा त्याला बोध होत नाही. 'घंटा झाली की' हे समजते. चौथी गोष्ट पुनरावृत्ती. काल आलेले आज विसरले, तर तो आळस नव्हे हे ध्यानात घेऊन, रागावल्यावाचून तेच पुन्हा शिकवावे. दहा वेळा शिकविलेले अकराव्या वेळी टिकते, आणि त्या अकराव्या वेळेपर्यंत धीर धरणे हेच येथे शिक्षकाचे कौशल्य.

शिक्षेविषयी वेगळे सांगितले पाहिजे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आहेच. परंतु कायदा बाजूला ठेवला, तरी या मुलाच्या बाबतीत शिक्षा निष्फळ ठरते. कालच्या छडीचा आजच्या कृतीशी संबंध जोडणारी शक्तीच त्याच्या ठिकाणी दुबळी असते. लंगड्याला पळत नाही म्हणून मारण्यासारखेच ते आहे. त्याऐवजी त्याला पुढच्या रांगेत, गडबडीपासून दूर, एखाद्या शांत मित्राशेजारी बसवावे. चूक झाली की तेथल्या तेथे, थोड्या शब्दांत योग्य काय ते करून दाखवावे. हे मूल भोळे असते, कोणीही त्याला फूस लावू शकते. म्हणून मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना त्याच्यावर नजर असावी. खाडीकाठच्या गावात तर हे अधिकच आवश्यक. आणि त्याला काय चांगले येते, हे शोधून काढावे. कोणाचा गळा गोड असतो, कोणाचा हात चित्रात किंवा बागेत चालतो, कोणी लहान मुलांना प्रेमाने सांभाळतो. दिवसातून एकदा तरी त्याला वर्गापुढे यश मिळाले पाहिजे.

याचा खरोखर उपयोग होतो काय? सिॲटल येथील ॲन स्ट्रायसगुथ यांनी १९९६ साली अशा ४१५ व्यक्तींचा अभ्यास मांडला. शाळा सुटणे, मानसिक आजार, कायद्याशी संघर्ष अशा विपत्ती त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आल्या होत्या. परंतु ज्यांचे निदान वयाच्या सहा वर्षांच्या आत झाले आणि ज्यांना मारहाणीविना स्थिर, मायेचे घर मिळाले, त्यांच्या वाट्याला त्या कमी आल्या. जन्मापूर्वीची इजा पुसता येत नाही; तिच्यावर पुढे चढणारे अपमानाचे थर टाळता येतात. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी अंगणात आणि कुरणात शाळा नेली. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने मुलापर्यंत जावे, हाच त्यांचा धडा होता. येथे अंतर रानातले नाही, मुलाच्या मेंदूतले आहे. धडा मात्र तोच लागू पडतो.

आता कुटुंबाविषयी. पालकांना बोलवावे ते तक्रारीसाठी नव्हे, आणि चारचौघांत तर नव्हेच. मुलाचा एखादा गुण सांगून बोलण्यास आरंभ करावा. मग वर्गात काय अडते आणि कशाने थोडे सुधारले, ते सांगावे. 'तुम्ही घेत होता काय?' हा प्रश्न शिक्षकाने विचारू नये. आईला तो आरोप वाटतो; दार बंद होते आणि दुसऱ्या दिवसापासून मूलही शाळेत दिसत नाही. कोणतीही आई आपल्या बाळाचे वाईट व्हावे म्हणून पेला ओठांना लावीत नाही. अज्ञान, घरची सक्ती, श्रम, दुःख किंवा व्यसनाचा आजार, यांपैकी काहीतरी त्याच्या मागे असते. तिने आपणहून मन मोकळे केले, तर ते ऐकून घ्यावे. झाल्या गोष्टीपेक्षा पुढे काय करता येईल, यावर बोलावे. ते बोलणे शिक्षकांच्या खोलीतसुद्धा उच्चारू नये. एकदा त्याची गावभर चर्चा झाली, की दुसरी कोणतीही आई त्या शाळेत मन उघडे करणार नाही. घरातील पुरुषांनाही एक गोष्ट कळली पाहिजे : ज्या घरात नवरा गरोदर पत्नीबरोबर स्वतःही पेला दूर ठेवतो, तेथे तिला 'नको' म्हणणे सोपे जाते.

मदतीच्या वाटा पुष्कळ आहेत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी होते. तपासणीचे पथक येईल तेव्हा अशा मुलाचे नाव आणि वर्गातली निरीक्षणे लिहून ठेवलेला एक कागद तयार असावा. पुढे डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात बौद्धिक अक्षमता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. गर्भमद्यजन्य विकाराचे नाव त्या यादीत वेगळे नसले, तरी मुलाच्या ठिकाणी यांपैकी जी अक्षमता आढळेल, तिचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्यानुसार सवलती लागू होतात. घरात व्यसन असेल तर फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत स्थापन केलेली कृपा फाउंडेशन आणि १९८६ पासून पुण्यात कार्य करणारे मुक्तांगण यांसारख्या संस्था आहेत. १४४४६ हा शासनाचा विनामूल्य दूरध्वनीही आहे. गावात कोणी गरोदर स्त्री अडचणीत असल्याचे कळले, तर आशाताई व परिचारिका यांच्यामार्फत तिच्यापर्यंत पोहोचावे.

१९९९ पासून जगात ९ सप्टेंबर हा दिवस या विकाराच्या जाणिवेसाठी पाळला जातो. नवव्या महिन्याचा नववा दिवस, गर्भाच्या नऊ महिन्यांची आठवण म्हणून. त्या दिवशी माता-पालक संघाची सभा घ्यावी, गावच्या परिचारिकेला बोलवावे आणि एवढेच सांगावे : 'बाळाची आशा असेल तेव्हा आणि बाळ पोटात असेतोवर मद्य नको, आजवर झाले असेल, तरी आजपासून नको.' सासवा, नणंदा आणि घरचे पुरुष या सभेस आले, तर सभेचे सार्थक झाले.

एवढे केल्यानंतर शिक्षकाने आपल्या वर्गात परत जावे आणि ज्या मुलाच्या नावापुढे मनातल्या मनात शेरा मारला होता, त्याच्याजवळ बसावे. 'हे करीत नाही' या शब्दांच्या जागी 'याला अजून जमत नाही' असे शब्द मनात लिहावेत. त्यानंतर कालचीच बेरीज, शिंपले मांडून, पुन्हा एकदा शिकवावी.