एक कॅमेरा, तीन कामे

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले व्याख्यान)



मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने निम्मा देश पाहिला. त्या भ्रमंतीत एक दुर्बीण, एक सूक्ष्मदर्शक आणि एक कॅमेरा एवढा छंदाचा संसार मी सांभाळीत आलो आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांनी दुर्बिणीचा, नाही तर सूक्ष्मदर्शकाचा हट्ट धरला आहे, हे मला ठाऊक आहे. सुटीत गावी जाण्याचे भाडे आणि नात्यातली लग्नकार्ये सांभाळून उरणाऱ्या पैशांत घरी कॅमेरा येणार तो एकच. त्याने बारशापासून गणेशोत्सवापर्यंतची चित्रे घ्यावीत, चंद्र टिपावा आणि कांद्याच्या पापुद्र्यातील पेशीही दाखवाव्यात, ही अपेक्षा गैर नाही. असा कॅमेरा मिळतो. मात्र 'किती मेगापिक्सेलचा हवा?' हा दुकानातला पहिला प्रश्न आपण शेवटी विचारावयाचा.

आपला पहिला प्रश्न असा की, भिंग काढता येते काय? दुर्बिणीला कॅमेरा जोडला म्हणजे दुर्बीणच त्याचे भिंग होते, सूक्ष्मदर्शकाचेही तेच. माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांनी लांबवर पोहोचणारा, पण भिंग कायमचे बसविलेला कॅमेरा घेतला. पक्षी आणि चंद्र त्यात उत्तम येतात, दुर्बिणीवाचून येतात. पण ते लांबलचक भिंग कोणत्याही नेत्रिकेशी जुळेना, आणि मुलाचा सूक्ष्मदर्शक तसाच राहिला. दोष कॅमेऱ्याचा नव्हे. तो या कामासाठी बनविलेलाच नव्हता.

दुसरा प्रश्न सेन्सरच्या आकाराचा. मोठा तितका चांगला, असे सर्रास सांगितले जाते. ३६ × २४ मिलिमीटरच्या 'फुल फ्रेम' सेन्सरची किंमतही तशीच असते. आता हिशेब पाहा. हौशी माणसाच्या दुर्बिणीची नेत्रिका ज्या नळीत बसते तिचा व्यास सव्वा इंच, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर. आणि त्या सेन्सरचा कर्ण ४३ मिलिमीटर. चित्राचे कोपरे काळवंडणारच. साध्या सूक्ष्मदर्शकात तर चित्राचे वर्तुळ १८ ते २० मिलिमीटरच असते. म्हणून सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा मध्यम सेन्सर, ज्याला 'एपीएस-सी' म्हणतात, तो घ्यावा. घरगुती समारंभांना तो भरपूर होतो.

चंद्राचे गणित सोपे आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला ११० ने भागले की चंद्रबिंबाचा आकार मिळतो. १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत ते बिंब ९ मिलिमीटरचे पडते. मध्यम सेन्सरवर ऐसपैस मावते. गुरूचे बिंब मात्र त्याच दुर्बिणीत पाव मिलिमीटरही भरत नाही. म्हणून ग्रहांचे एकेक छायाचित्र घेण्यात अर्थ नाही. चलच्चित्र घ्यावे आणि त्यातील निवडक स्थिर चौकटी संगणकावर एकमेकींवर रचाव्यात. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. आरशाच्या अनेक छोट्या दुर्बिणींत नेत्रिकेची नळी पुरेशी आत जात नाही, त्यामुळे कॅमेऱ्यावर चित्र स्पष्टच होत नाही. मध्ये बार्लो भिंग घातले की बहुधा काम होते.

आता मेगापिक्सेल. सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगावर ४०/०.६५ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसेल त्याचा, दुसरा किती बारीक भेद दिसेल त्याचा. ०.६५ चे भिंग सुमारे अर्ध्या मायक्रॉनहून बारीक भेद दाखवूच शकत नाही. चाळीस पट मोठा होऊन तो भेद सेन्सरवर २० मायक्रॉनचा होतो. २४ मेगापिक्सेलच्या मध्यम सेन्सरवरचा एक चित्रकण सुमारे ४ मायक्रॉनचा असतो. जेथे दोन कण पुरतात तेथे पाच हजर आहेत! ४५ मेगापिक्सेलसाठी जादा पैसे मोजून पेशीत नवे काही दिसणार नाही. ते पैसे चांगल्या वस्तुभिंगाला द्यावेत.

जुन्या सूक्ष्मदर्शकांविषयी एक सूचना. त्यांत वस्तुभिंगाचे काही रंगदोष नेत्रिका दुरुस्त करते. नेत्रिका काढून कॅमेरा बसविला तर कडांना रंगीत झालर येते. तेथे नेत्रिका ठेवून तिच्यामागे साध्या लहान भिंगासह कॅमेरा धरावा. भ्रमणध्वनीही असाच धरता येतो. स्वस्त पकड मिळते, आणि मुलाचा उत्साह दोन महिने टिकतो की नाही हे पाहावयाचे असेल तर खर्चापूर्वी हाच मार्ग बरा.

हादऱ्याचे काय? चारशे पट मोठे केले की हादराही चारशे पट. आरसा उचलणारा जुना डीएसएलआर येथे त्रास देतो. आरसा नसलेला, इलेक्ट्रॉनिक शटरचा कॅमेरा निमूट काम करतो. मात्र तेच शटर रंगमंचावरच्या एलईडी दिव्यांखाली चित्रात पट्टे उमटविते. तेथे यांत्रिक शटर लावावे.

सूर्याविषयी थट्टा नको. २१ मे २०३१ रोजीचे कंकणाकृती ग्रहण केरळ आणि दक्षिण तामिळनाडूतून दिसणार आहे; तेथील बांधव दुर्बिणी काढतीलच. सौरगाळणी दुर्बिणीच्या तोंडाशी, बाहेरून बसवावी. नेत्रिकेला लावावयाची गाळणी उष्णतेने तडकते. ती मिळाली असेल तर फेकून द्यावी.

खरेदीच्या दिवशी जोडणीचे कडे विसरू नये. ते ४२ मिलिमीटर व्यासाच्या, ०.७५ मिलिमीटर आट्यांच्या मापाचे असते, पण त्याची दुसरी बाजू प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्यासाठी निराळी. आणि पैसे देण्यापूर्वी दुकानातच भिंग उतरवून बटण दाबून पाहावे. काही कॅमेरे भिंगाविना छायाचित्र घेण्यास नकार देतात. यादीत त्याची परवानगी देणारा पर्याय असतो. तो सापडेपर्यंत दुकानदाराला सोडू नये.