मलिद्यातल्या खजुराच्या बिया

तू बिश्वातनिमित्त मी बोलावे अशी आपली आज्ञा झाली. मी निवृत्त परिचारिका. झाडांचे शास्त्र शिकलेली नाही. एक चूक तेवढी सांगते.

गेल्या वर्षी मी शारजातील अल मजाज येथे कन्येकडे होते. धाकटा नातू मोठ्या दुखण्यातून उठला, म्हणून एलियाहू हन्नाबींच्या नावाने नवसाचा मलिदा केला. त्यातल्या खजुराच्या पाच बिया नातवाने धुऊन गॅलरीतल्या कुंडीत लावल्या. त्या देशात खजुराची झाडे जागोजागी. परंतु ती बुंध्याशी फुटलेल्या पिलांपासून वाढवतात. बीचे झाड आईसारखे फळ देईलच असे नसते आणि निम्मी झाडे नर निघतात.

सात आठवडे मातीवर काहीच दिसेना. बिया कुजल्या असे मीच ठरवले आणि नातू शाळेत गेला असता कुंडी वर्तमानपत्रावर रिती केली. तीन बियांना बोटभर पांढरी मुळे फुटलेली होती! दोन माझ्याच हातांनी मोडली. खजुराची बी आधी नळीसारखा देठ जमिनीत खोल सोडते, तेथे मूळ धरते, आणि पहिले पान त्यानंतर वर येते. नाडी हाताला लागली नाही तर छातीला स्टेथोस्कोप लावून ऐका, असे मी किती विद्यार्थिनींना बजावले असेल!

नातू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. “आजी, मला विचारायचे तरी होतेस,” एवढेच म्हणाला.

समजूत घालण्यासाठी मी त्याला मसादाची हकिकत सांगितली. 1963 ते 1965 च्या उत्खननात तेथे खजुराच्या बिया सापडल्या. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या. डॉ. सारा सॅलन यांनी त्यांतल्या काही मिळवल्या आणि 2005 साली केतुरा किब्बुत्झमध्ये एलेन सोलोवे यांनी त्या भिजवून, औषध लावून पेरल्या. एक उगवली. तिचे नाव मथुशलह ठेवले, आणि झाड नर निघाले. पुढे दुसऱ्या प्राचीन बीपासून हन्ना हे मादी झाड वाढले. मथुशलहाचा पराग देऊन 2020 साली तिची पहिली फळे काढली.

नातवाने सारे ऐकून घेतले आणि विचारले, “त्यांच्या आजीने कुंडी उपसली नव्हती ना?”

उरलेली बी आम्ही पुन्हा पुरली. एकोणीस दिवसांनी सुईसारखे पान वर आले. आता दर शुक्रवारी, शब्बाथपूर्वी, त्याचे छायाचित्र येते. तीन पाने झाली आहेत. नर की मादी हे फुलोरा आल्यावरच कळेल, त्याला काही वर्षे लागतील. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तेव्हा येण्याचे वचन त्याने मागितले. वचन दिले नाही. विमानाचे भाडे मात्र बाजूला ठेवले आहे.